आर्यभटाची नाव, वेल्सचा कालवा आणि वेळ चुकलेलं ग्रहण

जायचं ठरवलं मी, आणि जाऊ नका असं बजावत होती माझी सून. तेव्हा या प्रवासात जे काही झालं त्याचं श्रेय आणि खापर आम्ही सासूसुनांनी निम्मं निम्मं वाटून घ्यावं हे बरं.

माझा नातू केदार लंडनजवळ स्लाऊला असतो, कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्याची बायको ऋता तिथल्या शाळेत सायन्स शिकवते. यंदा फेब्रुवारीत तिला पाचवा लागला तेव्हा सुनंदाने मला विमानात बसवलं. सुनंदा म्हणजे केदारची आई, माझी सून. नाशिकला मुख्याध्यापिका आहे आणि जूनशिवाय तिला शाळा सोडता येत नव्हती. आधीच्या खेपेला ऋताचं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. तेव्हापासून ती पोर शिंकली तरी सुनंदाचा फोन येतो. मला निघताना म्हणाली, “आई, तुम्ही काही करू नका, फक्त लक्ष ठेवा.” म्हणजे मी पाहुणी नव्हे, वॉचमन.

मार्च लागता लागता ऋताला कार्डिफच्या मराठी मंडळाचं बोलावणं आलं. पाडव्याला आर्यभटावर भाषण करायचं, आणि आदल्या दिवशी, शनिवारी, सगळ्यांनी कालव्यातून बोटीने फिरायचं. पोरगी नुसती उजळली. मग घरात महिनाभर आर्यभटच. पोळ्या लाटताना आर्यभट, कपडे वाळत घालताना आर्यभट. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी गुरांमागे गेली. पण महिनाभर कानावर पडलं तर गुरालासुद्धा आर्यभट समजेल.

गोची अशी की तो शनिवार म्हणजे फाल्गुनातली अमावस्या, आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण. भारतात दिसणार नव्हतं, इंग्लंडात दिसणार होतं. सुनंदाचा फोन आला.

“आई, त्या दिवशी तिला घराबाहेर पाऊल टाकू देऊ नका. मी तिकडची वेळ काढून ठेवली आहे. दुपारी सव्वादोन ते सव्वासहा. पडदे ओढा, आणि तिला सुरी-कात्री काही धरू देऊ नका.”

“आणि भाषण?”

“भाषण काय, पुढच्या वर्षी करेल.”

ऋताला मी एवढंच सांगितलं, की ग्रहणाच्या दिवशी घरात बसायचं आणि भाषण पुढच्या वर्षी. ती उठून भांडी घासायला लागली, आणि एकच कढई पाच मिनिटं घासत राहिली. रडणारी बाई मला चालते. गप्प बसून कढई घासणारी चालत नाही.

मी केदारला विचारलं, “तुमची बोट किती वाजता?”

“दहा ते बारा.”

“आणि तिथून घर?”

“कार्डिफचं घर तासाभरावर.”

म्हणजे जेवून-खाऊन दोनच्या आत पोर घरात, ग्रहण सव्वादोनला. हिशोब चोख. मी ऋताला म्हटलं, “आपण जायचं. मी येते बरोबर. ग्रहणाची काळजी माझ्यावर सोड, फक्त दोनच्या आत घरात यायचं.” तिने मला इतकं घट्ट धरलं की मध्ये पोट आहे हेही विसरली. दोनच्या आत कशाला, हे तिने विचारलं नाही. तिला वाटलं, म्हातारीला दुपारची झोप हवी. आणि मी ‘चल’ म्हटलं म्हणजे ग्रहणालाच परवानगी दिली, असं तिने धरलं. हे मला नंतर कळलं.

शुक्रवारी दुपारी निघालो. स्लाऊहून कार्डिफ म्हणजे एमफोर नावाचा एकच मोठा रस्ता, नाकासमोर. कागदावर अडीच तास. शुक्रवारी दुपारनंतर निघाल तर चार धरा, कारण सगळं लंडन त्याच वेळी पश्चिमेकडे पळत असतं. सकाळी लवकर निघा. आम्ही निघालो नाही, कारण केदारची मीटिंग. त्याची मीटिंग म्हणजे खोलीचं दार लावून एकट्यानेच बोलत बसणं.

वाटेत थांबायला ‘सर्व्हिसेस’ असतात. संडास फुकट आणि स्वच्छ, चहा महाग आणि पाणचट. मी तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी आणि थर्मासात आपला चहा घेतला होता. केदार म्हणाला, “आजी, इथे घरचं खात बसलं तर लोक बघतात.”

“बघू दे. मागतील तर एक पुरी देऊ.”

शेजारच्या गाडीतल्या बाईने खरंच वासाने मान वळवली. तिला पुरी दिली. तिने ‘लव्हली’ म्हटलं आणि नंतर बराच वेळ पाणी पीत बसली.

पुढे समुद्रासारख्या रुंद खाडीवर एक लांबलचक पूल लागतो. पूर्वी म्हणे टोल होता, आता नाही. पूल संपला की वेल्स. पाट्या एकदम दोन भाषांत होतात, बऱ्याच ठिकाणी त्यांची भाषा वर आणि इंग्रजी खाली. मला ते फार आवडलं. आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडवर मराठी पाटी शोधायला चष्मा पुसावा लागतो.

कार्डिफला वसुधाताईंकडे उतरलो. वसुधाताई डॉक्टर. सरकारी हॉस्पिटलात आयुष्य घालवून नुकत्याच रिटायर झाल्या, मूळच्या साताऱ्याच्या. त्यांची मुलगी ईशा तिथेच जन्मलेली, मंडळाची सगळी धावपळ तीच करते. मराठी बोलते धीटपणे, लिंगं मात्र नशिबावर सोडून देते. दारातच म्हणाली, “आजी, तुमचा बॅग माझ्याकडे द्या. माझा आई चहा करते.” मी म्हटलं, “तुझा आई करू दे, माझी बॅग तू घे.” ती खळखळून हसली. चांगली पोर.

चहाबरोबर वेल्श केक आले. केक कसले, तव्यावर भाजलेल्या, मनुका घातलेल्या जाडसर गोड दशम्या. तिकडे गेलात तर गरमच खा. गार झाल्या की त्यांनी खिळा ठोकता येतो.

शनिवारी साडेआठला निघालो. कार्डिफहून उत्तरेला एक रस्ता डोंगरात शिरतो आणि तासाभरात ब्रेकन नावाच्या गावी पोहोचतो. डोंगर गवताळ, उघडेबोडके, वर मेंढ्या. आपल्या पावसाळ्यातल्या इगतपुरीची सगळी झाडं काढून घेतली तर असंच दिसेल. आभाळ स्वच्छ होतं. वेल्समध्ये ऊन पडलं की लोक एकमेकांचं अभिनंदन करतात. गाडी कालव्याजवळ पैसे भरून लावता येते. बोटीचं तिकीट एका बऱ्या जेवणाएवढं. आमच्या मंडळाने अख्खी बोटच ठरवली होती, दहाबारा माणसांची. मार्चमध्ये जाल तर स्वेटर, मोजे, कानटोपी सगळं घ्या. ऊन दाखवायचं असतं, वारा खरा असतो. मी स्वेटरवर माझी क्रोशाची शाल घेतली होती, पांढरी, जाळीची. ऊब शून्य, पण शोभा आहे.

बोट लांब आणि चिंचोळी, लोकलच्या डब्यापेक्षाही अरुंद. मागे छप्पर, पुढे उघडी बाकं. चालवायला एक धिप्पाड बाई, हातात सुकाणूचा मोठा दांडा, सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणणारी. कालव्यात प्रवाह नाही, बोटीला घाई नाही. काठावरच्या वाटेने एक म्हातारा लंगडा कुत्रा घेऊन चालला होता, दोघंही आमच्या पुढे निघून गेले.

ऋता माझ्या शेजारी पुढच्या बाकावर बसली. म्हणाली, “आजी, ते समोरचं झाड बघा. कुठे चाललंय?”

“मागे.”

“झाड चालतं?”

“झाड कशाला चालेल? आपण पुढे चाललोय.”

“बघा! हेच तर. दीड हजार वर्षांपूर्वी आर्यभटाने हेच सांगितलं. नावेत बसलेल्याला काठ मागे सरकताना दिसतो, तसे आपल्याला तारे पश्चिमेला सरकताना दिसतात. तारे जागेवर असतात, फिरते ती आपली पृथ्वी. म्हणून मी ईशाला म्हटलं, भाषणाआधी लोकांना बोटीत बसवू या. कानाने ऐकून पटत नाही, बुडाखाली बोट असली की पटतं.”

मी तिला विचारलं, “पृथ्वी एवढी गरगर फिरते, तर घरट्यातून उडालेल्या पाखराला परत घरटं सापडतं कसं? ते तर कोसभर पुढे गेलं असेल.”

ती टाळ्या पिटायला लागली. “आजी, त्याच्यानंतरच्या मोठमोठ्या पंडितांनी त्याला अगदी हाच प्रश्न विचारला होता!”

“मग? त्याला उत्तर आलं का?”

“त्याचं माहीत नाही. माझं सांगते. या बोटीच्या केबिनमध्ये माशी उडाली तर ती मागे काठावर राहते का?”

केबिनमध्ये होतीच एक माशी, वसुधाताईंच्या ढोकळ्यावर. मी तिच्याकडे बराच वेळ लक्ष ठेवून बसले. राहिली नाही मागे. आमच्याबरोबरच आली, शेवटपर्यंत.

एवढ्यात मागून ईशा ओरडली, “लागला! ग्रहण लागला!”

‘लागलं म्हण’ असं सांगायला मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. ईशाने पिशवीतून पुठ्ठ्याचे काळे चष्मे काढले, पत्रावळी वाटाव्यात तसे वाटले, आणि सगळी बोट माना वर करून बसली.

“कसलं ग्रहण?” मी म्हटलं. “ग्रहण सव्वादोनला आहे.”

“मावशी,” वसुधाताई म्हणाल्या, “सव्वादोन भारतातले, तेही जगात कुठेतरी पहिल्यांदा लागतं तेव्हाचे. इथे ते आत्ता लागलं, दहा वाजून गेलेत.”

ऋताचा चेहरा पांढरा पडला. “आजी, तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं तुम्ही…”

पुढचं मी ऐकलं नाही. विचार बिचार काही केला नाही. उठले, खांद्यावरची शाल ओढली, दोन्ही हातांनी ताणून सूर्य आणि पोरीच्या मध्ये धरली. भटजी अंतरपाट धरतात तशी. बोट डुलली. चालवणारी बाई ओरडली, “सिट डाऊन, लव्ह!” केदार ओरडला, “आजी, पडशील!” मी म्हटलं, “मी पडले तर पडले, हिच्यावर सावली पडता कामा नये.”

“आजी,” ऋता हळूच म्हणाली, “हलू नका. खाली बघा.”

खाली बघितलं. तिचा निळा स्वेटर, त्याखाली ते गोल पोट, आणि त्या पोटावर माझ्या जाळीच्या प्रत्येक भोकातून पडलेला एकेक सूर्य. पुसट, एवढा एवढासा, पण प्रत्येकाला एकाच बाजूने चावा घेतलेला. उंदराने कुरतडलेले पेढे मांडून ठेवावेत तसे. मी जे अडवायला उभी होते, ते मीच तिच्या पोटावर छापलं होतं. एकाच्या जागी पन्नास.

बोटीतले सगळे जमले बघायला. वसुधाताईंनी फोटो काढला. ती धिप्पाड बाई दांडा केदारच्या हातात देऊन पुढे आली आणि हात कमरेवर ठेवून “वेल, वेल” म्हणत राहिली. केदारने तेवढ्यात बोट काठावर घातली. त्याला कोणी बोललं नाही.

माझे हात दुखले. शाल खाली घेतली आणि बसले. ऋताने चष्मा घातला नव्हता. हातात धरून माझ्याकडे बघत होती.

“आजी, तुम्ही म्हणाल तर मी आत जाऊन बसते. खरंच. आई घाबरतात ते मला समजतं. मीही रोज घाबरते. सकाळी आत हललेलं कळेपर्यंत मी चहा घेत नाही. पण याला मी नाही घाबरत. ही नुसती चंद्राची सावली आहे. आणि मला ती बघायची आहे.”

आता माझं ऐका. केदारचा बाप पोटात होता तेव्हा असंच एक सूर्यग्रहण लागलं होतं. सासूने मला धान्याच्या खोलीत बसवलं, अंधारात, ताठ. वाकायचं नाही, खाजवायचं नाही, लघवीला जायचं नाही. माझी जाऊही तेव्हा पोटुशी होती, माहेरी होती, तिला कोणी सांगितलंच नाही. तिने ग्रहणभर शेतात कांदे कापले. तिचं पोर धडधाकट, माझंही धडधाकट. फरक एवढाच की तिची पाठ अजून शाबूत आहे आणि माझी तेव्हापासून धरली आहे. हे मला पन्नास वर्षं माहीत होतं. माहीत असूनही मी शाल धरली. हात डोक्याला विचारून हलत नाहीत.

मी म्हटलं, “आत कशाला? आत गारठा आहे. इथेच बस उन्हात. आणि तो चष्मा नीट लाव, कडेने उजेड येतोय.”

तिने चष्मा लावला, मान वर केली आणि एक शब्द बोलली नाही. गप्प बसण्याचेही प्रकार असतात. हा कढई घासण्यातला नव्हता.

मग ईशाने मलाही चष्मा लावला. आत सगळा काळोख, आणि त्या काळोखात एक नारिंगी चकती, वरून खाल्लेली. आयुष्यात इतकी ग्रहणं पाळली, बघितलं हे पहिलं. राहू नाही, केतू नाही, भांडण नाही. एक गोल दुसऱ्या गोलाच्या आड चाललाय, शांतपणे. आर्यभटाने म्हणे हेच सांगितलं होतं: सूर्याला झाकतो तो चंद्र, आणि चंद्राला झाकते ती पृथ्वीची सावली. हे सांगताना त्याच्याकडे पुठ्ठ्याचा चष्मासुद्धा नव्हता.

पुढे एक दार लागतं पाण्यात. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी सोडून द्यायचं, की बोट विहिरीत उतरल्यासारखी खाली जाते, मग पुढचं दार उघडायचं. दारं उघडायला प्रवाशांनाच ढकलायला लावतात. पैसे घेऊन काम करून घ्यायची ही युक्ती मला आवडली. आणि त्याच्या पुढे या सहलीची खरी गंमत. खाली नदी, नदीवर दगडी पूल, पुलावर कालवा, कालव्यात आपण. पाण्यावरून पाणी. या एका गोष्टीसाठी तरी ब्रेकनला जाच.

त्या पुलावर असतानाच सुनंदाचा फोन आला. व्हिडिओवर. तिकडे संध्याकाळ झालेली, ती देवापाशी निरांजन लावून बसलेली.

“आई, आठवण करायला फोन केला. ग्रहण लागायला दोन-अडीच तास राहिले असतील. जेवणं झाली? पडदे ओढले?”

“सुनंदा, ग्रहण सुटत आलं.”

“काय?”

“तू काढलेली वेळ नाशिकची होती. आम्ही बोटीत आहोत. ऋता बाहेर बसली आहे. तिने बघितलं. मीही बघितलं.”

अशा वेळी काही बायका खोटं बोलतात. मला ते झेपत नाही, लक्षात ठेवावं लागतं. सुनंदा आधी ओरडली, मग तिला रडू फुटलं. मुख्याध्यापिका रडते तेव्हा फार वाईट दिसतं, सवय नसते.

“मीच चुकीची वेळ दिली! मी एवढी शिकलेली आणि तुम्ही तरी एकदा घड्याळ… आई, तिला काही झालं तर?”

ऋताने फोन घेतला. “आई, ऐका ना. तुमची चूक आर्यभटाच्या चार गावांची आहे.” आणि तिने तिला तिथेच, पाण्याच्या पुलावर, समजावलं. आर्यभटाने चार गावं कल्पिली, पृथ्वीच्या चार बाजूंना: लंका, यवकोटी, सिद्धपूर, रोमक. लंकेत सूर्य उगवतो तेव्हा यवकोटीत भर दुपार, सिद्धपुरात सूर्य मावळतोय आणि रोमकात मध्यरात्र. सगळं एकाच क्षणाला. “तुम्ही लंकेतली वेळ रोमकाची म्हणून सांगितलीत, एवढंच.”

“मला गोष्टी सांगू नकोस, ऋता.” सुनंदा नाक पुसत म्हणाली. “आत्ताच्या आत्ता हातपाय धू. उद्याचं भाषण रद्द कर. केदार, तू हिला घेऊन घरी जा.”

केदार माझ्याकडे बघायला लागला, बायकोकडे बघायला लागला, मग नदीकडे बघायला लागला. पुरुषांना नदी नेहमी वेळेवर सापडते.

मी फोन घेतला. “सुनंदा, भाषण होईल. पोराला काही झालं तर मला बोल, तिला बोलायचं नाही. आणि निरांजन बघ, वात पदराजवळ आली आहे.”

तिने फोन ठेवला. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. जूनपर्यंत.

त्या रात्री त्या देशात घड्याळं तासभर पुढे करतात. दरवर्षी करतात म्हणे, उन्हाळा आला म्हणून. मी वसुधाताईंना म्हटलं, “आधीच आमच्या घरात वेळेचा गोंधळ, त्यात तुमचं सरकार.”

रविवारी पाडवा. वसुधाताईंची गुढी खिडकीबाहेर, खराट्याच्या दांड्याला. आंब्याची डहाळी देशी दुकानात मिळाली, झेंडूची फुलं मिळाली नाहीत, म्हणून बागेतली डॅफोडिल बांधली. पिवळीधमक, कर्ण्यासारखी. गुढीला ती इतकी शोभली की मला झेंडूबद्दल वाईट वाटलं. शेजारच्या घरातले आजोबा बाहेर आले, गुढीकडे बघून विचारलं, कोण जिंकलं? वसुधाताई म्हणाल्या, “वी डिड.”

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भाषण. ऋता हिरव्या साडीत उभी राहिली, एक हात टेबलावर, एक पोटावर. तिने सांगितलं की आर्यभट कोण, कुठला, हे नीट कोणालाच माहीत नाही. पाटण्याजवळच्या कुसुमपुरात तो असावा. स्वतःबद्दल त्याने सांगितलं ते एवढंच, की ग्रंथ लिहिला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. आईचं नाव नाही, बायकोचं नाही. मला राहवलं नाही. मी खालूनच विचारलं, “तेवीस वर्षांचा पोरगा दिवसभर आभाळाकडे बघत बसायचा, तर त्याला जेवायला कोण घालत होतं?” हॉल हसला. ऋता म्हणाली, “आजी, त्याची नोंद नाही.” “तेच म्हणते मी,” मी म्हटलं.

तिने आणखी सांगितलं. एवढाले आकडे तो अक्षरांत बसवायचा, म्हणजे ते श्लोकात पाठ होतील. वर्षाची लांबी त्याने काढली ती आजच्या मापाच्या अगदी जवळ. आणि वर्तुळाच्या घेराचं गणित सांगताना उत्तर देऊन वर स्वतःच म्हणाला, हे ‘आसन्न’ आहे, जवळपास आहे. इथे मला तो माणूस आवडला. मीठ अंदाजाने टाकणारी बाईसुद्धा ‘अंदाजाने टाकलंय’ असं कबूल करत नाही.

मागच्या रांगेतले एक टक्कलवाले काका उठले. “शून्याचा शोध त्यांनीच लावला हे तुम्ही सांगितलं नाही!” ऋता म्हणाली, “काका, कारण तसं म्हणता येत नाही. स्थानाप्रमाणे आकड्याची किंमत बदलते हे त्याला पक्कं माहीत होतं. पण शून्याचं चिन्ह त्याने लिहिल्याचा पुरावा नाही. जे त्याने केलं तेच एवढं आहे, की उसनं घालायची गरज नाही.” काका बसले. रागावून बसले, पण श्रीखंड दोनदा घेतलं.

शेवटी तिने वसुधाताईंनी काढलेला फोटो पडद्यावर लावला. निळं पोट आणि पन्नास कुरतडलेले सूर्य. हॉलमध्ये ‘ओह’ झालं. मी इकडेतिकडे बघितलं नाही, कारण शाल अजून माझ्या खांद्यावर होती आणि सगळे माझ्याकडेच बघत होते.

जूनमध्ये सुनंदा आली, दोन बॅगा भरून डिंकाचे लाडू आणि घुटी घेऊन. त्याच आठवड्यात ऋता बाळंत झाली. मुलगी. सुनंदाने बाळ उचललं आणि सरळ खिडकीपाशी उजेडात नेलं. ओठ बघितला. कान बघितले. बोटं एकेक उलगडून बघितली, पायाचीसुद्धा. टाळू बघितली. मी पलंगाच्या कडेला बसून तिच्याबरोबर मनात बोटं मोजत होते. माझाही श्वास वर होता, उगाच नाही का म्हणू? उजेड डोळ्यांवर आला तसं बाळ फटकन शिंकलं.

“बघा!” सुनंदा म्हणाली. “उजेडाने शिंकते.”

“शिंकते म्हणजे नाक आहे,” मी म्हटलं.

सुनंदा माझ्याकडे वळली. मग हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली, बाळ ऋताच्या हातात दिलं आणि माझ्या शेजारी येऊन टेकली. तीन महिन्यांचं न बोललेलं त्या दुपारी बोलून काढलं. तीच बोलली. मी ऐकलं, म्हणजे मला हे किती कठीण गेलं असेल बघा.

आता मी नाशिकला आले. सुनंदा अजून तिकडेच आहे, मी इकडे माझ्या लेकाला भाकरी घालते. प्रवासाचं उरलं काय म्हणाल, तर वेल्सच्या त्या दशम्यांची कृती, पाण्यावरच्या पाण्याची आठवण, आणि एक अडचण. गल्लीत बातमी पसरली आहे. पुढच्या पौर्णिमेला चंद्रग्रहण आहे, आपल्याकडे दिसणारं. परवा समोरच्या मंगल काकू आल्या. त्यांच्या सुनेला सातवा आहे. आधी भाज्यांचे भाव बोलल्या, मग गुडघे बोलल्या, मग मुद्द्यावर आल्या.

“तुम्ही म्हणे पोटुशीला ग्रहण बघू दिलंत?”

“दिलं.”

“मग आमच्या हिचं काय करू?”

“तिला विचारलं का?”

“तिला काय विचारायचं?”

“बघायचंय का, ते विचारायचं.”

काकू जरा पुढे सरकल्या. “आणि ती हो म्हणाली तर?”

“तर गच्चीवर एक खुर्ची नेऊन ठेव. सातव्या महिन्याच्या बाईला उभं किती वेळ ठेवशील?”